बिनतारी जाळ्यांची कामगिरी : वेग, वाटणी आणि खर्च



स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या बहुतेकांच्या वहीत वायफायच्या पिढ्यांचा एक तक्ता असतो. इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर्स या संस्थेने १९९७ मध्ये ८०२.११ हे पहिले मानक प्रसिद्ध केले, तेव्हा कमाल वेग दर सेकंदाला २ मेगाबिट होता. १९९९ च्या ‘बी’ मानकाने तो ११ वर नेला. त्याच वर्षीच्या ‘ए’ आणि २००३ च्या ‘जी’ मानकात तो ५४ झाला. २००९ च्या ‘एन’ मानकात ६००, २०१३ च्या ‘एसी’ मानकात जवळपास ७ हजार आणि २०२१ च्या ‘एएक्स’ मानकात, म्हणजे वायफाय ६ मध्ये, तो सुमारे ९ हजार ६०० मेगाबिटपर्यंत पोहोचला. हा तक्ता पाठ असावा, यात दुमत नाही. मात्र तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयात साठ विद्यार्थी एकाच वेळी ऑनलाइन अर्ज भरायला बसले, तर शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याला किती वेग मिळेल, या प्रश्नाचे उत्तर त्या तक्त्यात सापडत नाही.

ते उत्तर मानकाइतकेच जाळ्याच्या रचनेवर अवलंबून असते. ॲक्सेस पॉइंट किती आणि कोठे बसवले, ते तारेने जोडले की बिनतारी, कोणता बँड व किती रुंदीचा चॅनल निवडला आणि बाहेरून येणारी मुख्य जोडणी किती क्षमतेची आहे, या गोष्टींवर ते ठरते. शाळा, रुग्णालये, रेल्वे स्थानके आणि ग्रामपंचायती यांच्यासाठी अशी जाळी उभारताना सार्वजनिक पैसा खर्च होतो. खोक्यावर छापलेला वेग पाहून खरेदी झाली आणि रचनेचा विचार मागे पडला, तर पैसा खर्च होऊनही सेवा मिळत नाही. म्हणूनच हा विषय अभियांत्रिकीपुरता मर्यादित राहत नाही. तो विकासाच्या अर्थशास्त्राचाही विषय ठरतो.

लहरी : सर्वांचे सामायिक कुरण

तारेच्या जाळ्यात प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार देता येते. बिनतारी जाळ्यात माध्यम एकच असते आणि ते सर्वांना वाटून घ्यावे लागते. दोन उपकरणे एकाच वेळी संदेश पाठवू लागली, तर ते एकमेकांत मिसळतात आणि बहुधा दोन्ही वाया जातात.

हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये बेटांवरील केंद्रे जोडण्यासाठी ‘अलोहा’ हे रेडिओ जाळे सुरू केले. ज्याला संदेश पाठवायचा असेल त्याने तो हवा तेव्हा पाठवावा आणि पोचपावती आली नाही तर काही वेळाने पुन्हा पाठवावा, इतकाच त्याचा नियम होता. या पद्धतीत माध्यमाच्या क्षमतेचा जास्तीत जास्त १८.४ टक्के उपयोग होऊ शकतो, असे गणिताने दाखवून दिले. पुढे वेळेचे समान खंड पाडण्यात आले व प्रत्येकाने खंडाच्या आरंभीच संदेश पाठवावा, असे बंधन घालण्यात आले. त्यामुळे हे प्रमाण ३६.८ टक्के झाले. लहरी त्याच राहिल्या. केवळ वापराचा नियम बदलला आणि क्षमता दुप्पट झाली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही मांडणी ओळखीची वाटेल. सामायिक कुरणात प्रत्येकाने स्वतःच्या लाभापुरते पाहिले तर कुरणच नष्ट होते, असे प्रतिपादन गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये केले होते. योग्य नियम व परस्परांवरील देखरेख असेल तर समाज अशी साधने टिकवू शकतो, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील उदाहरणांनी दाखवून दिले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वायफाय ज्या लहरींवर चालते, त्या परवानामुक्त आहेत. भारताने २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा बँड कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मुक्त केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या बँडमधील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ घरात व घराबाहेर वापरण्यास खुले झाले. या कुरणाचे मोल धोरणाने ओळखले, असे म्हणता येईल.

कुरण टिकवणारा नियमही मानकातच आहे. बोलण्यापूर्वी ऐकावे; माध्यम मोकळे असेल तर यदृच्छेने ठरलेला अल्पकाळ थांबून मग बोलावे; टक्कर झाल्यास थांबण्याची मर्यादा दुप्पट करावी. या शिस्तीची किंमत मोजावी लागते. वाट पाहण्यात, पोचपावत्यांत आणि संदेशाच्या शीर्षभागात बराच वेळ जातो. त्यामुळे ११ मेगाबिटच्या जाळ्यात प्रत्यक्ष कामाचा वेग ५ ते ६ मेगाबिट आणि ५४ मेगाबिटच्या जाळ्यात २२ ते २५ मेगाबिटच्या आसपास राहत असे. छापील वेग आणि हाती येणारा वेग यांतील अंतर हे फसवणुकीचे लक्षण नव्हे. सामायिक माध्यमाचा तो स्वभाव आहे. नियोजन करताना मात्र दुसराच आकडा धरायला हवा.

कामगिरीचे मापदंड

दोन जाळ्यांची तुलना एकाच आकड्याने करता येत नाही. त्यासाठी किमान पाच मापदंड पाहावे लागतात. पहिला, वापरकर्त्याला मिळणारा प्रत्यक्ष वेग. दुसरा, विलंब व त्यातील चढउतार. दूरस्थ वैद्यकीय सल्ला किंवा ऑनलाइन वर्ग यांसाठी तो वेगाहूनही महत्त्वाचा ठरतो. तिसरा, वाटेत गहाळ होणाऱ्या पॅकेटचे प्रमाण. चौथा, वाटणीतील समन्याय. पाचवा, उभारणी आणि देखभाल मिळून प्रत्येक वापरकर्त्यामागे येणारा खर्च.

यांपैकी समन्यायाचे मोजमाप भारतीय वंशाचे संगणक शास्त्रज्ञ राज जैन यांच्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक करतो. १९८४ मध्ये तो मांडला गेला. सर्वांना सारखा वाटा मिळाल्यास त्याचे मूल्य १ येते. सर्व वाटा एकालाच मिळाला तर ते एक भागिले एकूण वापरकर्ते इतके खाली येते. उत्पन्नाच्या विषमतेसाठी गिनी गुणांक वापरला जातो. त्याच जातीचे हे माप आहे, फक्त त्याची दिशा उलटी आहे.

दोन विद्यार्थ्यांचे गणित

एक साधे उदाहरण घेऊ. एका ॲक्सेस पॉइंटवर दोन विद्यार्थी आहेत. पहिला जवळ बसला आहे. त्याच्या उपकरणाची जोडणी ११ मेगाबिट वेगाची आहे. दुसरा भिंतीपलीकडे, दूर आहे. त्याची जोडणी १ मेगाबिटवर घसरली आहे. दोघेही १५०० बाइटची, म्हणजे १२ हजार बिटची पॅकेट पाठवतात. वर सांगितलेल्या शिस्तीचा वेळखर्च गणितापुरता बाजूला ठेवू.

मानकाचा नियम दोघांना समान पाळ्या देतो. पहिल्याचे पॅकेट १.१ मिलिसेकंदात जाते, दुसऱ्याचे १२ मिलिसेकंद घेते. दोघांची एकेक पाळी मिळून सुमारे १३.१ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात प्रत्येकाचे एकच पॅकेट जाते, म्हणून प्रत्येकाला सुमारे ०.९२ मेगाबिटचा वेग मिळतो. दोघांचा मिळून वेग होतो १.८३. जैन निर्देशांक १ आहे, म्हणजे वाटणी पूर्ण समान आहे. परंतु वेगवान जोडणीचा विद्यार्थी मंद जोडणीच्या पातळीवर आला आहे. फ्रान्समधील संशोधकांनी २००३ मध्ये हा परिणाम तपशिलाने मांडला.

आता नियम बदलू आणि पाळीऐवजी वेळ समान वाटू. पहिल्याला निम्म्या वेळात ५.५ मेगाबिट मिळतील, दुसऱ्याला ०.५. एकूण वेग ६ होईल, म्हणजे तिपटीहून अधिक. जैन निर्देशांक मात्र ०.५९ वर उतरेल आणि आधीच मागे असलेल्या विद्यार्थ्याचा वेग आणखी घटेल. कार्यक्षमता आणि समता यांतील हा जुनाच पेच आहे. समान संधी म्हणजे समान पाळी की समान वेळ, याचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. ते धोरणाने ठरवावे लागते.

तिसरा मार्ग रचनेचा आहे. दुसरा विद्यार्थी मंद आहे, कारण ॲक्सेस पॉइंट त्याच्यापासून दूर आहे. त्याच्या खोलीत तारेने जोडलेला आणखी एक ॲक्सेस पॉइंट वेगळ्या चॅनलवर बसवला, तर दोघांनाही आपापल्या चॅनलवर ११ मेगाबिटची जोडणी मिळते. समताही साधते आणि कार्यक्षमताही. खर्च येतो तो एका उपकरणाचा आणि काही मीटर तारेचा. दोन उद्दिष्टांतील संघर्ष अटळ वाटतो तेव्हा तो रचनेच्या उणिवेतून तर उद्भवलेला नाही ना, हे आधी तपासावे, असा बोध यातून घेता येईल.

चार रचनांची तुलना

पहिली रचना एकाच ॲक्सेस पॉइंटची. लहान कार्यालयाला ती पुरेशी आणि सर्वांत स्वस्त असते. वापरकर्ते वाढले की टकरा वाढतात. शिवाय इमारतीच्या दोन टोकांची उपकरणे ॲक्सेस पॉइंटला ऐकू येतात, पण एकमेकांना ऐकू येत नाहीत. त्यामुळे माध्यम मोकळे आहे असे समजून दोघेही एकाच वेळी बोलतात. ‘लपलेल्या केंद्राची समस्या’ म्हणून ती १९७५ पासून अभ्यासली जात आहे.

दुसरी रचना अनेक ॲक्सेस पॉइंट तारेने जोडून त्यांचे नियंत्रण एका ठिकाणाहून करण्याची. महाविद्यालय, रुग्णालय, रेल्वे स्थानक येथे ती सर्वांत समाधानकारक ठरते. परंतु केवळ संख्या वाढवून भागत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल प्रत्यक्षात तीनच आहेत : १, ६ आणि ११. शेजारचे ॲक्सेस पॉइंट एकाच चॅनलवर राहिले तर ते एकमेकांची वाट पाहत बसतात. अधिक शक्तीचे प्रक्षेपण म्हणजे अधिक चांगली सेवा, हा समजही येथे चुकीचा ठरतो. दाटीच्या ठिकाणी कमी शक्तीचे, जवळजवळ बसवलेले आणि चॅनल काळजीपूर्वक वाटून दिलेले ॲक्सेस पॉइंट एकूण अधिक काम करतात. तारांचा आणि कुशल मनुष्यबळाचा खर्च मात्र या रचनेत जास्त असतो.

तिसरी रचना ‘मेश’ जाळ्याची. तिच्यात एक ॲक्सेस पॉइंट दुसऱ्याचा संदेश बिनतारी पद्धतीनेच पुढे नेतो, त्यामुळे तार टाकण्याचा खर्च वाचतो. परंतु एकाच रेडिओवर संदेश आधी घ्यावा आणि मग पुढे पाठवावा लागत असल्याने दोन टप्प्यांत वेग निम्मा होतो आणि टप्पे वाढतील तसा आणखी घटतो. पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० मध्ये या मर्यादेचा गणिती सिद्धांत मांडला. विशिष्ट परिस्थितीत केंद्रांची संख्या शंभरपट झाली, तर प्रत्येक केंद्राच्या वाट्याला येणारा वेग दहाव्या हिश्श्याहूनही खाली येतो, असा त्याचा अर्थ होतो. पुढील वहनासाठी वेगळा रेडिओ ठेवला तर हानी कमी होते. पुरातन वास्तू, तात्पुरती शिबिरे, आपत्तीग्रस्त भाग अशा ठिकाणी, जेथे तार टाकता येत नाही, तेथे मेश जाळ्याला पर्याय नाही. तार टाकणे शक्य असताना केवळ बचतीसाठी ते निवडणे मात्र महागात पडू शकते.

चौथी रचना दूर पल्ल्याच्या जोडणीची. मुळात ती या तंत्रज्ञानासाठी कल्पिलेली नव्हती. विकसनशील देशांच्या गरजेतून ती पुढे आली आणि तिच्यात भारताचे योगदान मोलाचे आहे. आयआयटी कानपूर आणि मीडिया लॅब एशिया यांनी ‘डिजिटल गंगेटिक प्लेन्स’ या प्रकल्पात कानपूर-लखनौ परिसरातील गावे उंच मनोरे आणि दिशादर्शी अँटेना यांच्या साहाय्याने स्वस्त वायफाय उपकरणांनी जोडून पाहिली. त्यातून एक अडचण स्पष्ट झाली. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते; ५० किलोमीटरला तिला जवळपास १६७ मायक्रोसेकंद लागतात आणि पोचपावती परत यायला पुन्हा तेवढेच. इमारतीपुरत्या कल्पिलेल्या मानकात पोचपावतीची वाट इतका वेळ पाहिली जात नाही. पॅकेट पोहोचलेले असूनही ते हरवले असे समजून प्रेषक ते पुन्हा पाठवत राहतो. शिवाय दूरची केंद्रे एकमेकांना ऐकू शकत नसल्याने ‘आधी ऐका, मग बोला’ हा नियमच निरर्थक होतो.

यावर उपाय निघाला तो पाळ्या वेळापत्रकाने बांधून देण्याचा. आयआयटी कानपूर येथील संशोधनात तशी पद्धत मांडली गेली. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘वाइल्डनेट’ या रचनेत नेहमीच्या मानकाच्या तुलनेत प्रत्यक्ष वेग दुप्पट ते पाचपट वाढल्याचे दिसले. याच गटाच्या सहकार्याने तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयाने थेनी परिसरातील ग्रामीण दृष्टी केंद्रे जोडली आणि गावातील रुग्णाला चित्रसंवादाद्वारे डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला. मोठ्या छापील वेगाची येथे गरज नव्हती. स्थिर, कमी विलंबाची आणि परवडणारी जोडणी हवी होती आणि वेळापत्रकाच्या नियमाने ती मिळाली.

नव्या पिढ्या आणि ६ गिगाहर्ट्झचा प्रश्न

नव्या मानकांचा प्रवासही मुक्त चढाओढीकडून नियोजित वाटणीकडे होताना दिसतो. वायफाय ६ मध्ये ॲक्सेस पॉइंट एका चॅनलचे छोटे उपविभाग करून ते एकाच वेळी अनेक उपकरणांना वाटून देऊ शकतो. त्याचा खरा लाभ दाटीच्या ठिकाणी मिळतो. एकट्या वापरकर्त्याला फरक फारसा जाणवत नाही.

चॅनलची रुंदी हा दुसरा निर्णय. रुंदी दुप्पट केली की एका जोडणीचा वेग वाढतो; पण त्याच बँडमधील चॅनलची संख्या निम्मी होते, ग्राहक उपकरणात शिरणारा नैसर्गिक गोंगाटही दुप्पट होतो आणि पल्ला कमी होतो. त्यामुळे घरात रुंद चॅनल उपयुक्त, तर सभागृहात अरुंद चॅनल श्रेयस्कर ठरतो. अधिक वारंवारतेचा बँड भिंती कमी भेदतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. शेजारच्या जाळ्याचा उपद्रव त्यामुळे घटतो, परंतु ॲक्सेस पॉइंट अधिक लागतात.

वायफाय ७ मध्ये ३२० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलची सोय आहे आणि त्यासाठी ६ गिगाहर्ट्झचा बँड लागतो. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये या बँडमधील १२०० मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. भारतात मे २०२५ मध्ये खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी, कमी शक्तीच्या वापरापुरते, मसुदा नियम प्रसिद्ध झाले. १२०० मेगाहर्ट्झमध्ये ३२० रुंदीचे तीन चॅनल बसतात, ५०० मध्ये एकच. वरचा भाग मोबाइल सेवेसाठी लिलावात द्यावा की वायफायसाठी खुला ठेवावा, हा वाद महसूल आणि सार्वजनिक उपयोग यांतील निवडीचा आहे. मुख्य परीक्षेच्या दृष्टीनेही तो अभ्यासण्याजोगा आहे.

सार्वजनिक वायफाय : अडसर कोठे?

जाळे उत्तम असले तरी इमारतीपर्यंत येणारी मुख्य जोडणी अरुंद असेल, तर सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतकीच असते. ग्रामीण भागासाठी या कडीचे काम भारतनेटकडे आहे. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे म्हणून २०११ मध्ये मंजूर झालेल्या या प्रकल्पाच्या २०२३ च्या सुधारित कार्यक्रमात वलयाकार रचना स्वीकारण्यात आली. एका बाजूची तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी, हा तिचा हेतू.

अर्थकारणाचा अडसर याहून सूक्ष्म आहे. मोबाइल डेटासाठी ग्राहक एका मेगाबाइटला सुमारे २३ पैसे देत असताना वायफायवर तो खर्च २ पैशांहून कमी येऊ शकतो, असे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ च्या चर्चापत्रात म्हटले होते. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकापासून रेलटेल आणि गुगल यांची मोफत वायफाय सेवा सुरू झाली आणि जून २०१८ मध्ये दिब्रुगड हे तिचे ४०० वे स्थानक ठरले. दरम्यान मोबाइल डेटाचे दर कोसळले. फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने या उपक्रमातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले आणि डेटा स्वस्त व सुलभ झाल्याचे कारण दिले. स्थानकांवरील सेवा रेलटेलने चालू ठेवली. तंत्रज्ञान तेच असताना पर्यायाची किंमत बदलली की सेवेचे गणित कसे बदलते, याचे हे ठळक उदाहरण होय.

राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरण, २०१८ ने २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे लक्ष्य ठेवले होते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेस मंजुरी दिली. तिच्यात किराणा दुकानदार किंवा चहावाला परवान्याशिवाय सार्वजनिक डेटा कार्यालय चालवू शकतो. तरीही २०२४ च्या अखेरीस या योजनेतील हॉटस्पॉटची संख्या अडीच लाखांच्या घरात होती. अशा छोट्या दुकानदाराला महागडी व्यावसायिक जोडणी घ्यावी लागणे हे त्याचे एक कारण मानले गेले. जून २०२५ मध्ये नियामक प्राधिकरणाने २०० मेगाबिटपर्यंतच्या जोडणीसाठी त्याच्याकडून घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारू नये, असा आदेश दिला. अडसर उपकरणात नव्हता. तो दराच्या रचनेत होता.

मूल्यमापनाची दिशा

या विवेचनातून काही निकष हाती येतात. हॉटस्पॉटची संख्या हा खर्चाचा आकडा आहे, फलिताचा नव्हे. फलित मोजायचे असेल तर गर्दीच्या वेळी, सर्वांत दूरच्या वापरकर्त्याला मिळणारा प्रत्यक्ष वेग आणि विलंब मोजला पाहिजे. निविदेत उपकरणाच्या छापील वेगाऐवजी हीच अट असावी आणि बसवल्यानंतर तिची चाचणी व्हावी. मुख्य जोडणी, तार, वीज आणि देखभाल यांचा पाच वर्षांचा खर्च एकत्र धरावा. नाहीतर स्वस्त वाटणारी रचना अखेरीस महाग पडते. जागेनुसार रचना वेगळी असावी. शाळेला जे योग्य ते डोंगरावरील आरोग्य केंद्राला योग्य असेलच असे नाही.

परीक्षेत या विषयावर प्रश्न आला, तर पिढ्यांचा तक्ता जरूर लिहावा. मात्र त्यापुढे जाऊन तो वेग किती जणांत, कोणत्या नियमाने आणि कोणाच्या खर्चाने वाटला जातो, हेही मांडावे. डिजिटल दरी जोडणी असलेल्या आणि नसलेल्यांत असते, तशीच ती एकाच खोलीतील पहिल्या आणि शेवटच्या बाकांतही असते. उद्या प्रशासनात गेल्यावर अशा जाळ्यांचे प्रस्ताव आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर येतील. प्रस्ताव मंजूर करताना शेवटच्या बाकावरील वेग विचारला गेला, तर या अभ्यासाचे सार्थक होईल.